पत्ता नसलेला रुग्ण

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना नावापाठोपाठ विचारला जातो तो पत्ता. नाव, वय आणि मुक्काम एवढे लिहून झाल्यावाचून रुग्णाची डॉक्टरांशी गाठ पडत नाही. बहुतेक नागरिकांना ही ओळ भरताना क्षणाचाही विचार करावा लागत नाही. परंतु कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकाच्या फलाटावर, रेल्वे स्थानकाच्या आडोशाला, महालक्ष्मी मंदिराच्या परिसरात किंवा पंचगंगेच्या घाटावर ज्यांची रात्र सरते, त्यांच्यापुढे हीच एक ओळ भिंतीसारखी उभी राहते. खोटा पत्ता सांगावा तर पुढे पकडले जाण्याची धास्ती. खरे सांगावे तर समोरचा लेखनिक हातातील पेन थांबवून वर पाहणार. बेघर माणसावर उपचार करू नयेत असा एकही शासकीय आदेश कोणाला दाखविता येणार नाही. तरीही दवाखान्याचे दार त्याच्यापुरते लोटलेलेच राहते. हे का घडते, याचा विचार शहराने करावयास हवा.

बेघर म्हणजे भिकारी, असे समीकरण समाजात सरसकट मांडले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. हॉटेलात भांडी विसळून तेथेच ओट्यावर झोपणारा पोरगा, दिवसभर हमाली करून बंद दुकानाच्या फळीवर आडवा होणारा मजूर, भंगार आणि कागद वेचणारी बाई, नाक्यावर कामाची वाट पाहणारा बिगारी, मुलांनी सांभाळण्याचे नाकारल्यामुळे देवीच्या पायाशी येऊन राहिलेली म्हातारी, घरातून भरकटत निघालेला मनोरुग्ण, या साऱ्यांचा त्यात समावेश होतो. कोल्हापूर हे तीर्थक्षेत्र आहे, मोठी बाजारपेठ आहे, आणि कोकण, सांगली व सीमाभाग यांना जोडणारे वाहतुकीचे ठाणेही आहे. अशा शहराला बेघर माणूस नवा नाही. नवा असेल तर त्याचा हिशेब ठेवण्याचा विचार.

हा हिशेब देशपातळीवर झाला तो जनगणनेत. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची शिरगणती करण्यात आली. तीत देशभरात सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे छपराविना आढळली. पैकी ९ लाख ३८ हजार शहरांत होती. महाराष्ट्राचा आकडा २ लाख ११ हजारांच्या घरात होता. एका रात्रीत केलेली ही मोजणी कमी भरली असणार, असे या क्षेत्रात काम करणारे सांगत आले आहेत; कारण जो पोलिसाची चाहूल लागताच जागा बदलतो, तो प्रगणकाच्या हाती सहसा लागत नाही. त्यानंतरची जनगणना २०२१ मध्ये व्हावयाची होती, ती लांबणीवर पडली. परिणामी एका तपाहून अधिक काळ नियोजनाची मदार त्या एका रात्रीच्या आकड्यांवरच राहिली.

घर गृहीत धरणारी यंत्रणा

सोव्हिएत संघातील आल्मा आटा येथे १९७८ मध्ये भरलेल्या जागतिक परिषदेने प्राथमिक आरोग्य सेवा ही साऱ्या आरोग्य व्यवस्थेचा पाया मानली, आणि लोक राहतात व काम करतात तेथपर्यंत ही सेवा नेण्याचे तत्त्व मांडले. भारतात खेड्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यापूर्वीच उभी राहू लागली होती. शहरी गरिबांकडे मात्र बऱ्याच उशिरा लक्ष गेले. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानास केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली ती मे २०१३ मध्ये. ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, १० हजारांमागे एक परिचारिका, २०० ते ५०० कुटुंबांमागे एक आशा कार्यकर्ती अशी त्याची मांडणी. २०११ साली कोल्हापूर महापालिका क्षेत्राची लोकसंख्या साडेपाच लाखांस थोडी कमी होती. म्हणजे या मापाने शहरात अकरा केंद्रे हवीत. या अभियानाच्या आराखड्यात बेघर, कचरावेचक, रस्त्यावरची मुले, बांधकाम मजूर आणि वीटभट्टी कामगार यांचा नावानिशी उल्लेख आहे. कागदावर कोणी सुटलेले नाही.

अडचण आहे ती मापात. ही सारी व्यवस्था कुटुंब हे एकक धरून उभी आहे, आणि कुटुंब म्हणजे घर. आशाताईंच्या वहीत घरोघरच्या नोंदी असतात. गरोदर स्त्री, तान्हे मूल, ताप आलेला माणूस या सर्वांचा शोध घरोघरी जाऊन घेतला जातो. डासांच्या अळ्या पाहायला येणारा कर्मचारी घरातील पाण्याचे पिंप तपासतो. पल्स पोलिओच्या मोहिमेत लस पाजून झाली की दारावर खडूने खूण केली जाई. ही पद्धत चुकीची मुळीच नव्हे. तिच्यामुळेच लक्षावधी मुलांचे प्राण वाचले. परंतु ज्याला दारच नाही त्याची खूण करावयाची कोठे, हा प्रश्न या पद्धतीच्या पोटातच आहे. बसस्थानकावर राहणारा माणूस कोणत्याही आशाताईंच्या दोनशे कुटुंबांत मोडत नाही. तो दुर्लक्षिला जातो यात कोणाचा दुष्टावा नाही. वहीत त्याच्यासाठी रकानाच नाही.

पायी जाण्याजोगे अंतर

खेड्यातील रुग्णाची मुख्य अडचण अंतराची असते. कोल्हापुरात ती नाही. बसस्थानकापासून छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे कोल्हापूरकरांचा 'सीपीआर', पायी जाण्याच्या टप्प्यात आहे. जुन्या पिढीतील लोक त्याला अद्याप 'थोरला दवाखाना' म्हणतात, आणि तेथे शेजारच्या जिल्ह्यांतून व सीमेपलीकडील गावांतून एस.टी.ने रुग्ण येतात. जो माणूस त्याच्या पायथ्याशी राहतो त्याला मात्र तेथवर पोचणे जड जाते. या वाटेवरचे काटे निराळे आहेत.

पहिली अडचण वेळेची. बाह्यरुग्ण विभागात गर्दी उसळते ती सकाळी. हमालाला काम मिळते तेही सकाळीच. रांगेत उभा राहिला तर दिवसाची मजुरी बुडते, आणि मजुरी बुडाली की रात्रीचे जेवण बुडते. ज्याचे पोट अन्नछत्रावर अवलंबून आहे त्याला दुपारच्या पंगतीची वेळ चुकवून चालत नाही. केसपेपर, तपासणी, रक्ताचा नमुना, औषधाची खिडकी अशा चार रांगा संपेपर्यंत पंगत उठलेली असते. नागरी आरोग्य केंद्रांचा बाह्यरुग्ण विभाग शक्यतो दुपारी १२ ते रात्री ८ असा चालवावा, असे नागरी आरोग्य अभियानाच्या आराखड्यातच सुचविले आहे. कष्टकऱ्यांची दिनचर्या ओळखून केलेली ही सूचना जेथे पाळली जात नाही, तेथे केंद्र असूनही गरिबाच्या लेखी नसल्यासारखेच.

दुसरी अडचण गाठोड्याची. बेघर माणसाचा सारा संसार एका बोचक्यात असतो. घोंगडे, एखादे भांडे, कपड्यांचा जोड आणि असलीच तर आधारची प्रत. ते बोचके मागे ठेवून दवाखान्यात जावे तर परत येईपर्यंत नाहीसे होण्याची भीती. सोबत न्यावे तर दारावरचा पहारेकरी अडवितो. तिसरी अडचण लाजेची आहे, आणि ती बहुधा सर्वांत मोठी असावी. अनेक दिवस आंघोळ नाही, कपडे मळलेले, जखमेला वास येतो; बाकावर बसताच शेजारचा रुग्ण उठून उभा राहतो. एकदा असा अनुभव आलेला माणूस पुन्हा त्या बाकावर जात नाही. तो औषधाच्या दुकानातून पाच-दहा रुपयांची वेदनाशामक गोळी घेतो आणि दुखणे अंगावर काढतो.

चौथी अडचण सोबतीची. सार्वजनिक रुग्णालये कागदोपत्री कर्मचारी चालवीत असतील. प्रत्यक्षात त्यांचा निम्मा भार रुग्णांचे नातेवाईक वाहतात. रुग्णाला क्ष-किरण विभागात ढकलत नेणे, रक्तपेढीतून पिशवी आणणे, नसलेले औषध बाहेरून विकत आणणे, रात्री उशाशी बसणे, शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करणे ही कामे नातेवाइकाने करावीत, हे गृहीत धरलेले असते. ज्याला नातेवाईकच नाही त्याच्यासाठी आपल्या कागदोपत्री भाषेने 'बेवारस' असा शब्द योजला आहे. जिवंत माणसाला हा शब्द लावताना कोणाचा हात अडखळत नाही, यावरूनच प्रश्नाचे खोलवर गेलेले मूळ ध्यानात यावे.

चिठ्ठीतील गृहीतके

समजा, या चारही अडचणी पार करून तो डॉक्टरांपर्यंत पोचला. डॉक्टर मनाने चांगले आहेत, औषधेही मोफत मिळाली. तरी त्या चिठ्ठीवर काय लिहिलेले असते? गोळ्या दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर. पाणी उकळून प्यावे. पाय उंचावर ठेवावा. जखम कोरडी ठेवून एक दिवसाआड पट्टी बदलावी. पंधरा दिवस विश्रांती घ्यावी. यातील प्रत्येक सूचना शास्त्रशुद्ध आहे, आणि प्रत्येक सूचनेच्या पोटात एक घर दडलेले आहे. ज्याला दिवसातून एकदाच जेवण मिळते त्याने तीन वेळा जेवणानंतर गोळी कशी घ्यावी? चूल नाही, तर पाणी कशावर उकळावे? इन्सुलिन थंड जागी ठेवावे लागते; फलाटावर थंड जागा कोणती? आषाढातील कोल्हापूरचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला उघड्यावर जखम कोरडी ठेवणे म्हणजे काय ते सांगावयास नको. विश्रांतीचे म्हणाल तर पहाटे फलाट झाडण्याची वेळ होताच त्याला तेथून उठावे लागते.

क्षयरोगाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. साध्या क्षयाचा उपचार किमान सहा महिने चालतो आणि तो मोफत आहे. परंतु औषधे सुरू करण्यापूर्वी रुग्णाचा पत्ता पडताळून पाहण्याची पद्धत पूर्वापार चालत आली. तिच्यामागील हेतू रास्त होता. रुग्ण मध्येच गळाला तर त्याला शोधता यावे, कारण अर्धवट उपचारांतून औषधांना दाद न देणारा क्षय उद्भवतो. मात्र ज्याला शोधणे सर्वांत कठीण त्यालाच दूर ठेवले, असा त्याचा परिणाम होऊ शकतो. क्षयरुग्णाला पोषक आहारासाठी 'निक्षय पोषण योजने'तून एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये झाली. ती थेट बँक खात्यात जमा होते. ज्याला आहाराची सर्वाधिक गरज त्याच्यापाशी खाते नसते, कारण खाते उघडायलाही पत्ता लागतो. उपचार न घेणारा क्षयरोगी वर्षाकाठी दहा-पंधरा जणांना संसर्ग देऊ शकतो. बसस्थानकासारख्या गर्दीच्या जागी हे दहा-पंधरा जण कोण असतील, हे गावोगाव जाणाऱ्या शिक्षकांनी आणि रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांनी मनाशी ताडून पाहावे. एकाचे दुखणे एकापुरते कधीच राहत नाही.

स्त्रियांची दशा याहून बिकट आहे. उघड्यावर झोपणाऱ्या स्त्रीला रात्रीची भीती असते, न्हाण्याधुण्याची सोय नसते, आणि मासिक पाळीचे दिवस तिच्या वाट्याला शिक्षेसारखे येतात. ती गरोदर राहिली तर नोंदणीसाठी पत्ता, मोबाइल क्रमांक आणि खाते यांची मागणी होते. प्रसूती रुग्णालयात व्हावी म्हणून २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना सुरू झाली. पण प्रसूतीनंतर बाळाला घेऊन ती जाणार कोठे, या प्रश्नाचे उत्तर योजनेच्या कक्षेत बसत नाही.

एक हात आधाराचा, एक धाकाचा

कायद्याची भूमिकाही या बाबतीत दुटप्पी आहे. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यान्वये पोलीस एखाद्यास भिकारी म्हणून पकडू शकतात आणि त्याची रवानगी भिक्षेकरी गृहात होऊ शकते. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये या कायद्यातील अनेक कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरविली. महाराष्ट्रात मात्र त्या निकालाने काही बदलले नाही. परिणामी गणवेशातील कोणताही माणूस, मग तो दवाखान्याचा कर्मचारी का असेना, बेघरांना धोक्याचा वाटतो. या पार्श्वभूमीवर कोल्हापूरच्या इतिहासातील एक गोष्ट स्मरणात ठेवण्यासारखी आहे. ज्या भटक्या जमातींवर ब्रिटिश कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, त्यांच्यावरील दैनंदिन हजेरीची सक्ती राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात बंद केली आणि त्यांना नोकऱ्या दिल्या. देशाने तो कायदा रद्द केला तो १९५२ मध्ये.

दुसरीकडे, न्यायालयांनी आणि संसदेने बेघरांना पुष्कळ दिलेही आहे. मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात, खाट रिकामी नाही म्हणून तातडीचा उपचार नाकारणे हा त्याच हक्काचा भंग होय, असे न्यायालयाने ठरविले. २०१० मध्ये शहरांत दर लाख वस्तीमागे एक बारमाही निवारा असावा असे निर्देश दिले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने हेच प्रमाण स्वीकारले. कोल्हापूरच्या लोकसंख्येला ते लावले तर शहरात किमान पाच निवारे हवेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर बेघर व निराधार मनोरुग्णांना, दारिद्र्यरेषेचे कार्ड असो वा नसो, मोफत उपचारांचा हक्क दिला. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णास चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेणे आणि तो बेघर असल्यास त्याच्या कुटुंबाचा शोध घेणे हे पोलिसांचे कर्तव्य ठरविले. हा कायदा प्रत्येक पोलीस ठाण्याच्या ठाणेदाराला आणि प्रत्येक नागरी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला मुखोद्गत असावयास हवा.

शासकीय आरोग्य विमा योजनेची गोष्टही अशीच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ २०२४ पासून राज्यातील सर्व रहिवाशांना खुला झाला, ही स्तुत्य गोष्ट होय. मात्र त्यासाठी शिधापत्रिका लागते आणि ती नसेल तर अधिवासाचा दाखला. अधिवास म्हणजे पुन्हा वास्तव्याचा पुरावा. शिवाय ही योजना मोठ्या आजारांसाठी, रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. पायाच्या जखमेला वेळीच पट्टी मिळाली नाही, ती चिघळली, आणि पाय कापण्याची पाळी आली की मग योजनेचे दार उघडते. पट्टीला काही रुपये लागले असते. पाय गेल्यावर हमालीही जाते आणि माणूस खरोखरीच भिकेला लागतो. ऑगस्ट २०२३ मध्ये सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सर्व उपचार निःशुल्क करण्यात आले, त्याने पैशाची अडचण त्या संस्थांपुरती हलकी झाली. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालये या खात्याखाली येत नाहीत, ही गोष्ट सामान्य माणसालाच उमगत नाही. फलाटावरच्या माणसाला ती कशी उमगावी?

कोल्हापूरला हे जमलेले आहे

हे सारे फार अवघड आहे, अपुऱ्या मनुष्यबळात शक्य नाही, असे उत्तर यावर हमखास येईल. त्याचा प्रतिवाद कोल्हापूरच्याच अनुभवाने करता येतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेने शहरात थैमान घातले. चांगली पक्की घरे असलेली हजारो कुटुंबे रातोरात बेघर झाली, शाळांत आणि मंगल कार्यालयांत येऊन राहिली. तेव्हा वैद्यकीय पथके त्यांच्यापर्यंत चालून गेली. तापाच्या गोळ्या, जखमांची मलमपट्टी, लेप्टोस्पायरोसिसला प्रतिबंध करणारी औषधे जागेवर मिळाली. शिधापत्रिका पुरात वाहून गेली म्हणून कोणाला औषध नाकारावे, असे कोणाच्या मनातही आले नाही. आठ दिवसांच्या बेघरपणाला जी माणुसकी दाखविली गेली, ती आठ वर्षांच्या बेघरपणाला का नसावी?

पोलिओ मोहिमेचा दाखलाही पुन्हा घ्यावयास हवा. दारावरच्या खुणेतून निसटणारी मुले आहेत हे ध्यानी येताच त्याच मोहिमेने बसस्थानके, रेल्वे स्थानके, वीटभट्ट्या, भटक्यांचे तळ येथे स्वतंत्र पथके नेमली. देशातील अखेरचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यात या पथकांचा वाटा मोठा होता. कोविडच्या काळात, मे २०२१ मध्ये, ओळखपत्र नसलेल्या भटके, साधू, भिक्षेकरी आदींना लस देण्यासाठी केंद्र सरकारने वेगळी कार्यपद्धती घालून दिली. ओळखपत्राविना माणूस नोंदविता येतो, हे सरकारने स्वतःच सिद्ध केले. साथीच्या भीतीने जे सुचले ते साथ ओसरल्यावर विसरले जाऊ नये, इतकेच.

इतर देशांचे अनुभवही मार्ग दाखवितात. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेत पत्त्याचा पुरावा नाही म्हणून कुटुंब डॉक्टरकडे नाव नोंदविणे नाकारता येत नाही. राहण्याचे ठिकाणच नसेल तर दवाखान्याचाच पत्ता रुग्णाचा पत्ता म्हणून लिहिता येतो. अमेरिकेतील बोस्टन शहरात १९८५ पासून डॉ. जिम ओकॉनेल व त्यांचे सहकारी रस्त्यावर जाऊन बेघरांवर उपचार करीत आले. रुग्णालयातून सुटलेल्या पण रस्त्यावर राहण्याइतपत बळ न आलेल्या रुग्णांसाठी त्यांनी विश्रांतीच्या खाटा उभ्या केल्या. पुण्यात डॉ. अभिजित सोनवणे यांनी मंदिरांच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या भिक्षेकऱ्यांवर तेथेच उपचार करण्याचे व्रत घेतले. कर्जतजवळ डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने रस्त्यावरील असंख्य मनोरुग्णांना बरे करून घरी पोचविले. त्याबद्दल त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. व्यक्तींच्या या कामाचे मोल मोठे आहे. परंतु एखादा ध्येयवेडा डॉक्टर सापडेपर्यंत प्रत्येक शहराने थांबावे, असा त्याचा अर्थ करणे योग्य होणार नाही.

दोन आक्षेप

या सूचनांवर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, सोयी केल्या तर आसपासचे सारे बेघर कोल्हापुरात गोळा होतील. माणूस गाव सोडतो तो भुकेने, कर्जाने, घरातील छळाने वा वेडाच्या भरात. मलमपट्टीच्या मोहाने कोणी फलाटावर राहायला येत नाही. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. ही माणसे औषधे नियमित घेत नाहीत, काही व्यसनी असतात, आज येथे तर उद्या मिरजेला. त्यांच्यावर केलेला खर्च वाया जातो, असे कर्मचारी अनुभवाने सांगतात. त्यात तथ्य आहे. परंतु ठिकाण व वेळ ठरलेली असेल, तोच चेहरा दर आठवड्याला भेटत असेल, तर विश्वास बसतो आणि विश्वास बसला की नियमितपणा येतो. घरंदाज रुग्णही 'आमचे डॉक्टर' बदलायला नाखूश असतातच. माणूस टिकत नाही अशी तक्रार करण्यापूर्वी सेवा एका जागी टिकते काय, हे तपासून घ्यावे हे बरे.

करण्याजोगे काय

करावयाच्या गोष्टी मोजक्या आहेत आणि त्यांतील बहुतेकांना नवा कायदा लागत नाही. पत्त्याच्या ओळीत 'बसस्थानक परिसर' किंवा 'घाट' असे लिहून घेण्याची लेखी मुभा प्रत्येक सार्वजनिक दवाखान्यात असावी आणि टपालासाठी जवळच्या आरोग्य केंद्राचा पत्ता चालावा. बसस्थानक, रेल्वे स्थानक, मंदिर परिसर आणि घाट येथे आठवड्यातील ठरलेल्या वारी, सायंकाळी, एक डॉक्टर आणि एक परिचारिका यांचे पथक यावे. या जागांसाठी घरांऐवजी ठिकाणे वाटून दिलेली आशा कार्यकर्ती नेमावी. पूर्वी रस्त्यावर राहिलेली आणि निवाऱ्यात सावरलेली एखादी स्त्री हे काम अधिक चांगले करील. क्षयाची, मधुमेहाची व मानसिक आजाराची औषधे निवारा केंद्रात ठेवून तेथेच रोज द्यावीत. रुग्णालयात सोबत नसलेल्यांसाठी समाजसेवा अधीक्षकांच्या हाताखाली मदतनीस असावेत. शहरातील महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी यात मोलाचा भाग उचलू शकतील.

या सर्वांत महत्त्वाची गरज मात्र रुग्णालय आणि रस्ता यांमधल्या जागेची. '१०८' ची रुग्णवाहिका बेशुद्ध माणसाला फुटपाथवरून उचलून रुग्णालयात आणते. बरा झाल्यावर त्याला नेऊन सोडायला तोच फुटपाथ असतो. टाके काढेपर्यंत, ताप उतरेपर्यंत, बाळंतीण उठून बसेपर्यंत महिना-पंधरा दिवस राहता येईल अशा वीस-पंचवीस खाटा निवारा केंद्राला जोडून उभ्या राहिल्या, तर आज वाया जाणारा उपचार सार्थकी लागेल. शिक्षणाचा हक्क जाहीर करून भागत नाही, खेड्यातून आलेल्या मुलाला अंथरूण टाकायला जागा लागते, हे शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहे उघडून दाखवून दिले. त्या वसतिगृहांतून शिकलेल्यांनी महाराष्ट्र घडविला. आरोग्याच्या हक्कालाही तोच न्याय लागू पडतो. संत गाडगे महाराजांनी आपल्या दशसूत्रीत रोग्याला औषध आणि बेघराला आसरा या दोन गोष्टी सांगितल्या आणि आयुष्यभर धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या लेखी ही दोन कामे वेगळी नव्हती.

कोल्हापूर महापालिकेच्या एका रुग्णालयाला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये आजारी मुलाला स्वतः उचलून दवाखान्यात नेताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. त्या मुलाने दवाखान्यापर्यंत चालत यावे आणि आपला पत्ता सांगावा, अशी अपेक्षा त्यांनी केली नव्हती. महापालिकेचे पुढील अंदाजपत्रक तयार होताना एका फिरत्या पथकाची आणि पंचवीस खाटांची तरतूद सुचविण्यास कोणत्याही पक्षाची आडकाठी होण्याचे कारण नाही. प्रश्न उरतो तो एवढाच की, ज्यांची नावे मतदारयादीतही क्वचितच सापडतात, त्यांच्यासाठी ही मागणी सभागृहात कोण मांडणार.